न वाचलेला सर्ग

ओनेलियाचा राग सगळ्या कारखान्यात प्रसिद्ध होता, आणि तो जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांवरच जास्त निघायचा. मुकादमाला ती कधी उलटून बोलली नाही. नवऱ्याचं करायचं तेवढं केलं, तो गेल्यावरही त्याच्याबद्दल चांगलंच बोलली. रेशनच्या दुकानातल्या उर्मट पोरीशीसुद्धा हसून बोलायची. पण शंभर-दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एखादा फ्रेंच कादंबरीकार नाहीतर रशियन उमराव तिच्या तावडीत सापडला, की त्याची धडगत नसे.

पिनार देल रिओच्या त्या सिगारच्या कारखान्यात लांबलचक दालन होतं. शाळेसारख्या रांगांनी टेबलं मांडलेली. प्रत्येकाच्या पुढ्यात लाकडी पाट, हातात बिनमुठीचं अर्धगोल पातं, शेजारी ओलसर पानांची चळत. समोर उंच कट्टा आणि कट्ट्यावर वाचक. हात तंबाखूत अडकलेले आणि कान मोकळे, म्हणून पणजोबांच्या काळापासून ही सोय. सकाळी वर्तमानपत्र, कॉफीनंतर पुस्तक. कुठलं पुस्तक वाचायचं ते हात वर करून ठरायचं. वाचन आवडलं की सगळे पात्यानं पाट वाजवायचे, नावडलं की पाती धडाधड जमिनीवर. वाचकही मतानंच निवडलेला. मास्तर एवेलिओ कट्ट्यावर चढले तेव्हा त्यांचे केस काळे होते, उतरले तेव्हा केसच नव्हते.

आता जो तापानं चार दिवस घरी पडायचा, त्याला परत आल्यावर पहिली काळजी असायची ती पुस्तकाची. मधल्या चार दिवसांत कोण मेलं, कुणाचं लग्न मोडलं? शेजाऱ्याला विचारावं तर तो धड सांगेना, आणि सांगायला लागला तर मुकादम रिगोबेर्तो टेबलाशी येऊन खाकरायचा. त्यावर उपाय म्हणून ओनेलियानं एकदा 'गैरहजर मंडळींसाठी' म्हणून पानभर मजकूर लिहिला आणि फलकावर टाचला. फलकावर वर युनियनच्या सूचना, खाली महिन्याचे वाढदिवस, मग डासांविरुद्धची मोहीम, आणि कोपऱ्यात हे पान. कथा सांगता सांगता तिला राहवेना, शेवटी चार ओळी आपल्या मनाच्या घातल्या. दुसऱ्या दिवशी फलकापाशी गर्दी. गैरहजर मंडळी राहिली बाजूला, हजर मंडळीच वाचायला उभी.

मग ती सुटलीच. एका इंग्रज कादंबरीवर तिनं लिहिलं, 'या पुस्तकात सगळे दिवसभर चहा पितात, पण एकही कप कुणी विसळत नाही. ते कप विसळणाऱ्या बाईचं नाव लेखकाला माहीत होतं का? असेल तर लपवलं का?' एका रशियन ग्रंथावर, 'याला लहानपणी कुणी वेळेवर जेवायला घातलेलं दिसत नाही. तरीपण माणूस खरा आहे. पापाबद्दल इतकं माहीत असलेला माणूस शेजारी राहायला नको, पण मरताना उशाशी असावा.' हे लिहिताना तिला आपण काही मोठं करतोय असं वाटायचं नाही. शेजारणीचं उणंदुणं काढावं तसं ती काढायची. मात्र मनातून या मेलेल्या लोकांचा तिला दरारा होता. कुठल्या बर्फातला हा माणूस, त्यानं माझ्या सासूला कुठं पाहिलं? हा प्रश्न तिला खरोखर पडायचा, आणि पडला की हातातली सिगार अर्धी राहायची.

तिचं पान एदेल्मिराच्या नजरेखालून गेल्याशिवाय फलकावर लागत नसे. एदेल्मिराचं टेबल अगदी पुढच्या रांगेत, कट्ट्याच्या पायाशी, आणि ओनेलियाचं तिच्या उजव्या हाताला. दोघी एकाच वर्षी कामाला लागल्या. एदेल्मिराला एकच मुलगा झाला, ओस्मानी, आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला पाण्यावर धरलं ते ओनेलियानं. तेव्हापासून त्या एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणायच्या. आई आणि धर्ममाता यांच्यात हे नातं असतं, आणि ते बहिणींपेक्षा घट्ट मानतात, कारण बहीण काही निवडून मिळत नाही.

एदेल्मिरा कमी बोलायची आणि नेमकं बोलायची. पान वाचून म्हणायची, "ही ओळ काढ. इथं तू त्याच्यावर नाही, तुझ्या दिरावर चिडलीयेस."

"कुठल्या दिरावर?"

"ज्यानं तुझं डुक्कर विकलं त्या."

ओनेलिया ओळ काढायची.

मग देशात उपासमारीची वर्षं आली. वीज नाही, साबण नाही, भातात घालायला काळा घेवडा नाही. त्या एका उन्हाळ्यात ओस्मानी आणि त्याचे दोन मित्र ट्रकच्या ट्यूबा एकत्र बांधून समुद्रात उतरले. पलीकडच्या देशात पोचू म्हणाले. पुढं कोळ्यांना ट्यूब सापडली. पोरं सापडली नाहीत.

बाकीच्या दोन घरांनी वर्षभर वाट पाहिली, मग पाद्रीबाबांना बोलावून प्रार्थना सांगितली, रिकाम्या जागेवर दगड बसवला. एदेल्मिरानं काही केलं नाही. तो मेला असं ती कधी म्हणाली नाही, आहे असंही म्हणाली नाही. मृतांच्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन स्मशानात जायचं, ही घरी कपडे धूत बसायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझं तिथं कोण आहे?" एवढं बोलून कपड्याला पीळ घालायची, आणि विचारणारी बाई आल्या वाटेनं परत जायची.

पुढच्याच साली दालनानं मत देऊन ग्रीकांचा तो प्राचीन युद्धग्रंथ निवडला. प्रेमकथा ऐकून गडी कंटाळले होते, त्यांना मारामारी हवी होती. आठवड्याभरात सगळ्या दालनात दोन तट पडले. डावीकडच्या रांगा हल्ला करणाऱ्यांच्या बाजूच्या, उजवीकडच्या शहर राखणाऱ्यांच्या. पाती वाजत होती, शिव्या चालल्या होत्या, देवांनी लबाडी केली की मुकादमासकट सगळे देवांवर उठायचे. पुस्तकाचं खरं नाव कुणी घ्यायचं नाही, 'ग्रीकांचं भांडण' म्हणायचे. मास्तर एवेलिओ तर रंगात आले होते. भाल्याचं वर्णन ते असं वाचायचे, की पुढच्या रांगेतली माणसं मान खाली घालायची.

मग त्या शहराचा राजपुत्र पडला. मारणाऱ्यानं त्याचं प्रेत रथामागं बांधलं आणि बापाच्या, आईच्या डोळ्यांदेखत धुळीतून फरफटत नेलं. मास्तर वाचत होते आणि एदेल्मिरानं हातातलं पातं पाटावर ठेवलं. वाजवायला नाही, नुसतं ठेवलं. संध्याकाळपर्यंत तिनं ते उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर कट्ट्यावर चढले, थोडं खेळांचं, शर्यतींचं वाचलं आणि पुस्तक मिटून म्हणाले, "इथं ग्रंथ संपला."

दालनात एकच गलका झाला. "संपला म्हणजे?" "त्या पोराचं काय?" "असा कुठं शेवट असतो होय?" पाती जमिनीवर आपटली. मास्तर मान खाली घालून कट्ट्यावरून उतरले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यालाही शेवट झोंबलाय.

ओनेलियानं त्या रात्री आयुष्यातलं सगळ्यात जळजळीत पान लिहिलं. 'या कवीला हजारो वर्षं लोक डोक्यावर घेऊन नाचतात. का? लढाया याला येतात, घोडे याला येतात. पण ज्यानं एका आईचं पोर धुळीत टाकून दिलं आणि हात झटकून उठून गेला, तो कवी मोठा असेल, माणूस म्हणून कवडीचा नाही. याला आई नव्हती. आणि असलीच, तर तिची मला कीव येते.' एदेल्मिरानं पान वाचलं. एकही ओळ काढली नाही. "लाव," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते वाचून लोकांनी जेवणाच्या सुट्टीत पाट वाजवले.

त्यांच्या जगात वाचक जे वाचेल ते पुस्तक, आणि तो जिथं थांबेल तिथं पुस्तक संपलं. यात कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. घरात भाकर कोण किती भाजतं हे आपण मोजत नाही, तसंच ते. गावातल्या वाचनालयात 'ग्रीकांचं भांडण' नव्हतं. असतं तरी जो माणूस म्हणून कवडीचा नाही असं ठरवलं, त्याच्या दारात ओनेलिया परत कशाला जाते?

वर्षं गेली. मास्तरांचा आवाज बसला, त्यांच्या जागी एक गोड गळ्याची पोरगी आली. ओनेलियाचे गुडघे दुखायला लागले. आणि एका वसंतात राजधानीतलं पुस्तकांचं प्रदर्शन फिरत फिरत पिनारमध्ये आलं. चौकात तंबू, तळलेल्या केळ्यांचा वास, ढोल, आणि पुस्तकं काही पेसोंना एक. ओनेलिया नातवंडांसाठी चित्रांचं काहीतरी घ्यायला गेली होती. मुखपृष्ठावर ढाल धरलेला दाढीवाला दिसला आणि तिनं त्याला ओळखलं. मनात म्हणाली, ये, तुझा हिशेब बाकी आहे.

रविवारी दुपारी ती दाराच्या उंबऱ्यात बसली, चष्मा लावला आणि ज्या पानावर राग आला होता ते शोधायला लागली. सापडलं. राजपुत्र पडला. रथ, धूळ. मग खेळ, शर्यती. आणि नंतर पुस्तक संपायला हवं होतं, ते संपेना. पुढं आणखी एक आख्खा सर्ग होता.

आधी तिला वाटलं, छापणाऱ्यांनी दुसऱ्या कुठल्या पुस्तकाची पानं यात शिवली असतील. मग ती वाचायला लागली.

मेलेल्या पोराचा म्हातारा बाप, त्या शहराचा राजा, गाडीत उंची वस्त्रं नि सोनं भरून शत्रूच्या छावणीत जातो. सैन्य नाही, पोरं नाहीत, बरोबर गाडी हाकणारा एक म्हातारा. आत जाऊन तो त्या मारेकऱ्याचे गुडघे धरतो आणि त्याच्या हातांचं चुंबन घेतो. ज्या हातांनी पोर मारलं, त्याच हातांचं. आणि म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर, तोही माझ्याच वयाचा आहे. आणि तो मारेकरी, ज्याचा राग आख्ख्या ग्रंथाला पुरून उरला होता, तो रडायला लागतो. दोघं समोरासमोर बसून रडतात. एक पोरासाठी, एक बापासाठी. मग एकत्र जेवतात.

ओनेलिया मागं गेली आणि ते पान पुन्हा वाचलं. आपण बरोबर वाचलं का हे तिला बघायचं होतं. बरोबरच होतं. तिच्या अंगावर काटा आला तो जाईना. रस्त्यावरून कोणी ओळखीचं गेलं, हाक मारली, हिनं मान वर केली नाही. तिनं खूप वाचलं होतं, खूप ऐकलं होतं, पण असं काही जगात असू शकतं हेच तिला माहीत नव्हतं. हा कोण माणूस होता? याला कुणी सांगितलं? पुस्तक मांडीवर, आणि तिला देवळाच्या गाभाऱ्यात चपला घालून शिरल्यासारखं झालं. भीतीच वाटली म्हणा ना. आणि भीतीच्या मागोमाग लाज, कारण याच माणसाला तिनं फलकावर टाचून, सगळ्या गावादेखत, बिनआईचा म्हटलं होतं.

घेवडा खाली लागल्याचा वास आला तेव्हा ती उठली, गॅस बंद केला, आणि तशीच मास्तर एवेलिओंच्या घरी गेली.

मास्तर ओसरीत डुलत्या खुर्चीत बसले होते. आवाज घोगरा, पण जीभ जुनीच. "कोण, ओनेलिया? आज कुठल्या मेलेल्या माणसाची तक्रार घेऊन आलीस?"

"आज जिवंत माणसाची आहे, मास्तर," ती म्हणाली आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्या सर्गावर उघडून.

मास्तरांची खुर्ची डुलायची थांबली. 

"बस," म्हणाले. "कॉफी घे."

"कॉफी नको. का केलंत ते सांगा."

"तिनं पातं खाली ठेवलं, ते पाहिलंस तू. मी वरून पाहिलं, वरून जास्त दिसतं." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "हे मी आदल्या रात्री घरी वाचून काढलं होतं. यात बापाला पोराचं प्रेत मिळतं. त्याला न्हाऊ घालतात, तेल लावतात, नव्या वस्त्रात गुंडाळतात, गाडीवर ठेवतात. सांग, हे मी कुणाच्या तोंडावर वाचणार होतो? जिला समुद्रानं पोराचा बूटसुद्धा परत दिला नाही, तिच्या? माझ्या पायापाशी बसली होती गं ती."

ओनेलिया ओसरीच्या पायरीवर बसली. ती भांडायला आली होती आणि आता भांडण कुठं धरावं ते कळेना.

"वाचकानं असं करू नये," मास्तर म्हणाले. "वाचकानं घाण शब्द गिळू नये, कंटाळवाणं पान ओलांडू नये, आणि खोटं तर कधीच बोलू नये. मी सगळ्या दालनाशी एकदाच खोटं बोललो. तू त्या कवीला शिव्या घातल्यास, लोकांनी पाट वाजवले, आणि मी खाली बसून ऐकलं. त्याच्या वाट्याला आलेल्या शिव्या माझ्या होत्या. पण तिला सांगू नकोस, पोरी. आता कुठं ती थोडी हसते. दुसऱ्याचं पोर घरी आलेलं ऐकून तिला काय मिळणार आहे?"

"नाही सांगत," ओनेलिया म्हणाली. आणि तिला खरंच पटलं होतं.

पण त्या कवीचं काय करायचं? तो बिचारा फलकावर अपमान करून घेऊन गेला होता, त्याची बाजू मांडायला कुणी नव्हतं. मेलेल्या माणसाशी आपण खोटं वागलो हे तिला झोपू देईना. शेवटी तिनं ठरवलं, काही न सांगता नुसती माफी मागायची. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती पाटावरच कागद ठेवून लिहायला बसली. 'ग्रीकांच्या त्या कवीबद्दल मी पूर्वी जे लिहिलं, ते मागं घेते.' पुढं काय? का मागं घेते? खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

शेजारी एदेल्मिरा डब्यातला भात संपवून पेरू खात होती. सवयीनं तिनं हात लांब करून कागद ओढून घेतला.

"माफी? तू? ताप आलाय का तुला?"

"म्हातारी झाले, कोमाद्रे."

"म्हातारी झालीस म्हणून कालच त्या जर्मनाला गाढव म्हणालीस का?"

"तो गाढवच आहे."

एदेल्मिरा हसली. मग तिनं कागद पुन्हा वाचला, पेरू खाली ठेवला, आणि हसू गेलं.

"उरलेली पानं वाचलीस ना तू?"

ओनेलियानं पेन खाली ठेवलं. "कुठली पानं?"

"मास्तरांच्या हातातली. मी पहिल्या रांगेत बसते, आंधळी नाहीये. त्यांनी पुस्तक मिटलं आणि संपलं म्हणाले, तेव्हा इतकी पानं राहिली होती." तिनं पेरूच्या रसानं चिकट झालेलं बोट आडवं धरलं. "बोटभर."

"अगं मग विचारलं का नाहीस?"

"कशी विचारू? मास्तर माणसं कापलेली वाचतात, डोळे काढलेले वाचतात, शहरं जाळलेली वाचतात. त्यांचा आवाज कधी हलला नाही. अशा माणसाला जे वाचवेना, ते किती वाईट असेल? मी मनात वाचलं ते, कोमाद्रे. रोज वाचलं. कधी कुत्र्यांनी खाल्लं, कधी पक्ष्यांनी. कधी तो रथवाला थांबलाच नाही, अजून फिरतोच आहे." ती अगदी शांतपणे बोलत होती, जसं भाजीचं बोलावं. "आता तू वाचलंयस. सांग, कुत्र्यांनी खाल्लं का त्याला?"

मास्तरांना दिलेला शब्द ओनेलियाला आठवला. आठवला आणि तिनं तो मोडला.

"नाही."

"मग?"

"परत दिलं."

"काय परत दिलं?"

"पोर. घरी दिलं. धुऊन, चांगलं वस्त्र गुंडाळून. देवांनी इतके दिवस त्याला सडूसुद्धा दिलं नव्हतं."

एदेल्मिरा तिच्याकडे वळली. "दिलं कुणी?"

"ज्यानं मारलं त्यानं. बाप मागायला गेला होता त्याच्याकडे."

"मागायला गेला होता," एदेल्मिरा म्हणाली. आजूबाजूला डबे वाजत होते, कुणीतरी बेसबॉलवरून वाद घालत होतं. तिनं मांडीवर घेतलेल्या कापडाला हात पुसले, एकेक बोट पुसलं. "मागायचं असतं होय."

"वाचून दाखवू?" ओनेलियानं विचारलं. 

"तू नको. आणि इथं असं कोपऱ्यात नको. तेव्हा सगळ्यांनी ऐकलं ना? आताही सगळ्यांनी ऐकू दे. आणि मास्तरांना बोलाव. त्यांनी मिटलंय, त्यांनीच उघडायचं."

मास्तर आधी येईनात. आवाज नाही, जिने चढवत नाहीत, शर्टाला इस्त्री नाही. ओनेलिया म्हणाली, "मास्तर, तुम्ही तिला वाचवायला गेलात आणि इतकी वर्षं त्या पोराला तिच्या डोक्यात कुत्री खातायत." मग मास्तर उठले आणि स्वतःच इस्त्री शोधायला लागले.

दालनात मत घ्यावं लागलं, कारण तिथं मताशिवाय काही वाचत नाहीत. नव्या पोरांनी हात वर केले कारण जुने करत होते. जुन्यांना काय ते कळलं होतं, त्यांनी हात वर केले आणि कट्ट्याकडे बघितलं नाही. गोड गळ्याच्या पोरीनं मास्तरांना धरून वर चढवलं, पाण्याचा पेला ठेवला आणि स्वतः खाली रिकाम्या टेबलाशी बसली.

मास्तर म्हणाले, "मागं मी या दालनाला सांगितलं होतं की ग्रंथ संपला. तो संपला नव्हता." एवढंच. मग वाचायला लागले.

त्यांचा आवाज आता चिरका झाला होता आणि तोच त्या सर्गाला लागत होता. म्हातारा राजा निघाला तेव्हा म्हातारा माणूसच निघाल्यासारखं वाटलं. हात काम करत होते, पान पसरलं जात होतं, कापलं जात होतं, वळलं जात होतं, आणि एवढ्या मोठ्या दालनात दुसरा आवाज नव्हता. राजानं त्या हातांचं चुंबन घेतलं तिथं ओनेलियानं एदेल्मिराकडे पाहिलं. एदेल्मिरा काम करत होती. तिची सिगार नेहमीसारखीच सरळ, घट्ट, नेटकी होत होती. डोळे मात्र मास्तरांवर होते.

प्रेत धुतलं. तेल लावलं. ज्यानं मारलं, त्यानंच ते उचलून तिरडीवर ठेवलं.

मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुढं वाचलं. जेवण झाल्यावर तो मारेकरी राजाला विचारतो, की तुला त्याचं सगळं नीट करायला, शोक करायला किती दिवस लागतील? तेवढे दिवस मी लढाई थांबवतो. आणि म्हातारा बाप दिवस मोजून सांगतो, एवढे रडायला, एवढा पुरायला, एवढा मातीचा ढीग रचायला. मग लढू, लढायचंच असेल तर.

हे ओनेलियानं उंबऱ्यात बसून वाचलं होतं, पण तिच्या नजरेतून निसटलं होतं. तिचा जीव त्या हातांपाशीच अडकला होता. आता ऐकताना तिला वाटलं, हे त्याहून मोठं आहे. शत्रू थांबतो. जग थांबतं. एका पोरासाठी. आणि हे कुण्या आंधळ्या-पांगळ्या काळातल्या माणसाला सुचलं, ज्याला ना वीज होती ना कागद. तिला त्या कवीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. 

मास्तरांनी शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं, आणि या वेळी मान खाली घातली नाही. कुणी पाट वाजवला नाही. वाजवायचं असतं हे जणू सगळे विसरले होते.

एदेल्मिरा उठली. हातातली सिगार तिनं पुरी करून चळतीवर ठेवली. झगा झटकला, रांगेमधून चालत गेली आणि दाराशी बसलेल्या मुकादमाच्या टेबलासमोर उभी राहिली. रिगोबेर्तो खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

"मला रजा हवी," ती म्हणाली.

"बरं नाही वाटत का, बाई?"

"माझा मुलगा गेला." सगळं दालन ऐकत होतं, आणि ती काही हळू बोलली नाही. "ओस्मानी. समुद्रात बुडून मेला."

रिगोबेर्तो नियमाचा माणूस. खोकला आला तरी घड्याळ बघून खोकणारा. तो म्हणू शकला असता, की बाई, या गोष्टीला किती वर्षं झाली. त्यानं डिंकाचं बोट पुसलं, डोक्यावरची टोपी काढली, आणि रजा मागायला आलेल्या प्रत्येकाला जे विचारायचा तेच विचारलं.

"किती दिवस हवेत?"

 गावात कुणी गेलं की नऊ दिवस घरी प्रार्थना होते, माणसं येतात, कॉफी होते, हे लहान पोरालाही माहीत आहे.

"नऊ," ती म्हणाली. "सगळ्यांच्या पोरांना असतात तेवढेच."

आणि मग तिथंच, टेबलाची कड धरून, ती रडायला लागली.